अपडेटनंतर साइट चालत नाही: ब्राउझर बदलण्याआधी काय तपासायचं

तक्रार दर महिन्याला तीच असते. काल चालत होतं, आज चालत नाही. बटण दाबलं तरी पान हलत नाही, डिजिटल सहीचं टोकन (सही साठवलेलं यूएसबी उपकरण) साइटला सापडत नाही, पावती छापायला गेलं तर कोरा कागद बाहेर येतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की क्रोमची नवी आवृत्ती आली आहे, आणि ऑफिसात तट पडतात. फायरफॉक्सवाला म्हणतो, "हांवें तुका आदींच सांगिल्लें." ब्रेव्हवाला आपल्या ब्राउझरचं सिंहाचं चिन्ह दाखवतो. एजवाला गप्प असतो, कारण त्याचंही तेच बंद पडलेलं असतं.

त्या गप्प बसण्यात निम्मं उत्तर आहे.

गोव्यात, फोंड्यात आणि कवळे, मडकई, शिरोड्याच्या बाजूला मी कॉम्प्युटरची कामं करतो. गिऱ्हाईक म्हणजे सीएंची ऑफिसं, देवस्थानच्या कचेऱ्या, एकदोन शाळा. अपडेटनंतरचे फोन वर्षभर येतात, आणि मी पोचेपर्यंत बहुतेक ठिकाणी कुणीतरी ब्राउझर बदलून मोकळा झालेला असतो. कधी त्याने काम होतं. पण का झालं ते कुणाला ठाऊक नसतं, म्हणून पुढच्या महिन्यात दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच दुखणं येतं आणि तट पुन्हा पडतात, फक्त बाजू बदललेल्या असतात.

कुणाचं घराणं कुठलं

ब्राउझरची नावं पुष्कळ, घराणी मात्र तीनच. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, व्हिवाल्डी, सॅमसंगच्या फोनमधला इंटरनेट हे सगळे क्रोमियम या गूगलच्या खुल्या पायावर उभे आहेत. पान रंगवणारं त्यांचं इंजिन एकच, ब्लिंक. ऑपेराचं स्वतःचं प्रेस्टो नावाचं इंजिन होतं, ते त्यांनी २०१३ मध्ये सोडलं. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर आणला. फायरफॉक्सचं गेको वेगळं, आणि ॲपलच्या सफारीचं वेबकिट वेगळं.

म्हणजे क्रोममध्ये अडलेली साइट एजमध्ये उघडून "एजमध्येही नाही चालत, म्हणजे साइटच बंद" असं कुणी म्हणालं तर ती तपासणी झालीच नाही. एकाच घरातल्या दोघांची साक्ष घेतल्यासारखं ते आहे. फायरफॉक्समध्ये उघडून पाहा. तिथेही अडली तर संशय साइटवर, नेटवर किंवा मशीनवर. तिथे चालली तर संशय क्रोमियमवर, किंवा तुमच्या क्रोममध्ये तुम्ही स्वतः भरलेल्या एक्स्टेंशनांवर, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांवर. हे दुसरं जास्त वेळा खरं निघतं.

आता एजमध्ये चालली आणि क्रोममध्ये नाही, असं झालं तर? मग इंजिन जवळजवळ सुटलं. दोष तुमच्या क्रोमच्या प्रोफाइलमध्ये (तुमच्या साठवलेल्या माहितीत आणि सेटिंग्जमध्ये) आहे: कॅश म्हणजे साठवलेल्या फायली, कुकीज म्हणजे साइटने तुमच्याकडे ठेवलेल्या खुणा, एखादी नाकारलेली परवानगी, एखादं एक्स्टेंशन. त्यामुळे एजसुद्धा तपासायला उपयोगी आहे, फक्त त्याला प्रश्न वेगळा विचारायचा.

आयफोनवाल्यांची एक गंमत इथेच सांगतो. "मी फोनवरच्या क्रोममध्येही बघितलं, तिथेही तेच" असं पुष्कळ जण सांगतात. आपल्याकडे आयफोनवर कुठलाही ब्राउझर घाला, आत वेबकिटच असतं. ॲपलचा नियमच तसा आहे. तो क्रोम म्हणजे क्रोमची पाटी लावलेली सफारी. म्हणून "दोन्ही क्रोममध्ये बिघाड" असं आयफोनवाला सांगतो तेव्हा खरं तर दोन वेगळ्या इंजिनांत बिघाड झालेला असतो, आणि बोट ब्राउझरकडून साइटकडे वळतं.

अपडेट खरंच झालंय का

हा प्रश्न कुणी विचारत नाही. उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून हेल्प, तिथून अबाउट क्रोम. फायरफॉक्समध्ये तीन रेघांतून तोच रस्ता. तिथला आकडा कागदावर लिहा, मगच पुढचं बोलू.

सहा आठवड्यांच्या जागी चार आठवड्यांनी नवी मोठी आवृत्ती द्यायला क्रोमने सप्टेंबर २०२१ मध्ये सुरुवात केली. फायरफॉक्स त्याच्या वर्षभर आधीच तिथे पोचला होता. पण नवी आवृत्ती सगळ्यांना एका रात्रीत मिळत नाही. आधी थोड्या लोकांना, मग काही दिवसांत बाकीच्यांना. एकाच ऑफिसात खिडकीजवळचं मशीन नव्यावर आणि दाराजवळचं जुन्यावर, हे नेहमीचं आहे. त्यातून काही सोयी गूगल आपल्याकडून चालू-बंद करत असतं, त्यामुळे आकडा सारखा असूनही वागणं वेगळं दिसू शकतं. "त्याच्याकडे चालतं, माझ्याकडे का नाही" याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

उलटही होतं. अपडेट उतरलेलं असतं, पण मशीन कुणी बंदच करत नाही. झाकण मिटायचं, उघडायचं, क्रोम चालूच. नवी आवृत्ती क्रोम पूर्ण बंद होऊन पुन्हा उघडल्याशिवाय लागू होत नाही. सगळे टॅब बंद करा. सेटिंग्जमधल्या सिस्टम भागात, बंद केल्यावरही मागे ॲप्स चालू ठेवायचं बटण असतं, तेही तपासा. नुसत्या एवढ्यावर मी चहा पिऊन परत आलेलो आहे.

पहिली पाच मिनिटं

कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा. साधं रिफ्रेश साठवलेल्या फायली वापरू शकतं, हे नव्याने आणतं. साइटवाल्यांनीही त्याच आठवड्यात काही बदललं असेल आणि तुमच्याकडे अर्धं जुनं, अर्धं नवं जमलं असेल, तर इथेच सुटतं.

नाही सुटलं तर खासगी विंडो उघडा: क्रोमची इन्कॉग्निटो किंवा फायरफॉक्सची प्रायव्हेट. तिथे एक्स्टेंशन आपसूक बंद असतात (तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर) आणि जुन्या कुकीजही नसतात. तिथे साइट चालली की इंजिनाचा प्रश्न संपला. मग एक्स्टेंशन एकेक करून बंद करत जा. फायरफॉक्समध्ये हेल्पखाली ट्रबलशूट मोड आहे, तो सगळी एक्स्टेंशन एका झटक्यात बंद करतो.

कुकीज आणि साठवलेला डेटा पुसायचा असेल तर त्या एका साइटचाच पुसा. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावरून साइट सेटिंग्जमध्ये जाता येतं. "क्लिअर ऑल" करणारे लोक मला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतात, सगळीकडून लॉगआउट झालं म्हणून.

पान काळं दिसतं, लुकलुकतं, अक्षरं अर्धी उमटतात, असं असेल तर वरचं सगळं सोडा. क्रोमच्या सेटिंग्जमधल्या सिस्टम भागातलं ग्राफिक्स ॲक्सेलरेशन बंद करून क्रोम पुन्हा उघडा. जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं आणि नव्या आवृत्तीचं पटत नाही तेव्हा हे होतं. ड्रायव्हर बदलला की पुन्हा चालू करा.

डिजिटल सही: सध्याचं सर्वांत मोठं दुखणं

यावर जरा थांबतो, कारण सीएंच्या ऑफिसांतून याचेच फोन जास्त येतात, आणि गैरसमजही यातच जास्त.

यूएसबी टोकनमधली सही साइट थेट वाचू शकत नाही. पूर्वी त्यासाठी ब्राउझरच्या आत बसणारे जावा ॲपलेट आणि तसले प्लगइन असत. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जुन्या पद्धतीचे प्लगइन बंद केले. त्या दोन्ही वेळचे आरडाओरडे अजून आठवतात. तेव्हापासून तुमच्याच मशीनवर सहीचा एक छोटा प्रोग्राम चालू ठेवायचा आणि साइटने ब्राउझरमार्फत त्याच्याशी बोलायचं, अशी पद्धत रुळली. साइट १२७.०.०.१ या पत्त्यावर हाक मारते. हा पत्ता म्हणजे तुमचं स्वतःचंच मशीन.

२०२५ च्या अखेरीस आलेल्या क्रोम १४२ पासून ही हाक थेट जात नाही. बाहेरच्या साइटला तुमच्या मशीनशी किंवा तुमच्या घरच्या नेटवर्कवरच्या राउटर-प्रिंटरशी बोलायचं असेल तर क्रोम आधी तुम्हाला विचारतं. कारण रास्त आहे: कुठल्याही साइटने गुपचूप राउटरची दारं ठोठावत बसू नये. पण विचारणारी ती छोटी चौकट आपल्या लोकांना नोटिफिकेशनची कटकट वाटते आणि ते सवयीने "ब्लॉक" दाबतात. पुढे ती साइट कायमची मुकी. टोकन लावलेलं, त्यावरचा दिवा लागलेला, प्रोग्राम चालू, आणि पानावर मात्र "सहीचं साधन सापडलं नाही".

उपाय असा. ती साइट उघडी ठेवून पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबा, साइट सेटिंग्जमध्ये लोकल नेटवर्क ॲक्सेस (किंवा तशा अर्थाची परवानगी) शोधा, "अलाउ" करा, पान पुन्हा आणा. साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) नसेल तर चौकट येतच नाही, विनंती परस्पर अडते. तिथे साइटवाल्यांनीच सुधारायला हवं. आणि सहीचा प्रोग्राम खरंच चालू आहे का हे घड्याळाशेजारच्या चिन्हांत आधी बघा. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तो आपोआप उठत नाही, अशी ऑफिसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

यावरची प्रतिक्रिया ऐकण्यासारखी होती. ब्रेव्हवाले म्हणाले, आमच्याकडे अशी परवानगी २०२३ पासून आहे. खरं आहे, लोकलहोस्टसाठी, म्हणजे तुमच्या स्वतःच्या मशीनसाठी, आहे. पण मग "क्रोमने सही बिघडवली, ब्रेव्ह घाल" हा सल्ला देताना तेच लोक काय बोलतायत हे त्यांना कळतं का? ज्या कारणासाठी क्रोम सोडायला सांगतायत ते कारण त्यांच्या ब्राउझरमध्ये आधीपासून बसलेलं आहे.

आणि वेळ. जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची तारीख २०. सीएच्या ऑफिसात १९ तारखेला "अपडेट करून टाकतो" म्हणणाऱ्या माणसाच्या हातातून माउस काढून घ्यावा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करा, आणि केल्यावर लगेच कुठल्याही साइटवर एक सही करून बघा.

जाहिराती रोखणारे

क्रोमने एक्स्टेंशनांचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ म्हणून. पूर्वी एक्स्टेंशन प्रत्येक विनंती स्वतः वाचून अडवू शकत होतं. आता त्याने नियमांची यादी आधी द्यायची आणि अडवायचं काम ब्राउझरने करायचं. जाहिराती रोखणारा जुन्या पद्धतीचा यूब्लॉक ओरिजिन २०२४ च्या अखेरीपासून क्रोममध्ये टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याची लाइट आवृत्ती चालते, पण तिच्यात मूळची ताकद नाही. फायरफॉक्समध्ये मूळचा अजून चालतो. फायरफॉक्सवाल्यांची इतकी दिवाळी मी मधल्या वर्षांत पाहिली नव्हती, आणि या एका मुद्द्यावर ते बरोबर आहेत. जाहिरातींसाठीच ब्राउझर बदलायचा असेल तर जरूर बदला.

पण बदलल्यावर आठ दिवसांनी येणारा फोनही लक्षात ठेवा: "बँकेचं पेमेंटचं पान फिरतच राहतं." तिथे दोष रोखणाऱ्याचाच असू शकतो. फायरफॉक्समध्ये पत्त्याशेजारची ढाल दाबून त्या साइटपुरतं ट्रॅकिंग संरक्षण बंद करून बघा, ब्रेव्हमध्ये सिंह दाबून शील्ड्स. क्रोमवाले यावर "बघ, फायरफॉक्स फालतू" म्हणतात. फायरफॉक्स नेमून दिलेलं काम करत असतो.

पावसाळा, आणि जुनी मशिनं

जून ते सप्टेंबर वीज किती वेळा जाते हे गोव्यात कुणाला सांगायला नको. एक तक्रार पावसात हमखास येते: सगळ्या साइटवर एकदम "तुमचं कनेक्शन खासगी नाही". दोष अर्थात अपडेटला दिला जातो. आधी खाली उजवीकडची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला असेल तर वीज गेल्यावर मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला मुदत असते, मशीनच्या दृष्टीने ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर दार लावतो. क्रोम असो की फायरफॉक्स, दोघेही लावतात. सेल बदला, तारीख नीट करा. घड्याळवाल्याकडेही हा सेल मिळतो.

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. तिथे "अपडेटनंतर बिघडलं" हे शक्यच नाही, कारण अपडेट येतच नाही. साइट पुढे गेली आणि क्रोम मागे राहिलं. फायरफॉक्सने अशा मशिनांसाठी ११५ ची दीर्घ मुदतीची आवृत्ती पुष्कळ काळ जिवंत ठेवली, आणि तिच्यावर कचेरीतली जुनी मशिनं मी काही दिवस ओढली. ते बँडेज होतं. पैशाचे व्यवहार त्या मशीनवर करू नका.

"हा ब्राउझर चालणार नाही" असं साइटच सांगते तेव्हा

प्रत्येक ब्राउझर साइटला आपलं नाव आणि आकडा कळवतो. काही साइट तो आकडा धड वाचत नाहीत. २००९ मध्ये ऑपेरा १० आला तेव्हा दोन अंकांपैकी पहिलाच वाचणाऱ्या साइटना तो आवृत्ती १ वाटला. शेवटी ऑपेराला आपली ओळख ९.८० अशीच सांगत राहावी लागली. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही १०० वर पोचले, तेव्हा तीन अंकांनी तसाच गोंधळ होईल म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी महिनोन्महिने आधीपासून चाचण्या घेतल्या. म्हणून असा संदेश दिसला की तो शब्दशः घेऊ नका.

"इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच उघडा" असा हट्ट धरणाऱ्या काही जुन्या साइट अजून आहेत. एक्स्प्लोरर ११ जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण एजमध्ये त्याचा मोड आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ब्राउझरखाली त्याची परवानगी द्या, मग पान त्या मोडमध्ये पुन्हा उघडा. यादीत घातलेली साइट ३० दिवसांनी गळते, तेव्हा महिन्याने "पुन्हा बिघडलं" म्हणून घाबरू नका, पुन्हा घाला.

जुनी मराठी पानं अगम्य इंग्रजी चिन्हांत दिसणं हाही त्याच काळाचा वारसा. युनिकोडच्या (सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधी मजकूर विशिष्ट फाँटच्या भरवशावर टाकलेला असे, आणि पानासोबत येणारा ईओटी फाँट फक्त एक्स्प्लोररला वाचता येई. त्याला आजचा क्रोम काय आणि फायरफॉक्स काय, कुणीही जबाबदार नाही. मजकूर उचलून फाँट कन्व्हर्टरमधून काढणं हाच मार्ग.

मागे जाणं

"जुनी आवृत्ती घालून दे" अशी मागणी असते. मी घालत नाही. नव्या क्रोमने वापरलेलं प्रोफाइल जुन्याला नीट वाचता येईलच असं नाही. बुकमार्क आणि पासवर्ड पणाला लागतात. फायरफॉक्स तर जुन्या आवृत्तीत नवं प्रोफाइल उघडायलाच नकार देतो आणि वेगळं प्रोफाइल करायला सांगतो. शिवाय नव्या आवृत्तीत बुजवलेली सुरक्षेची भोकं जगजाहीर झालेली असतात, तीच घेऊन तुम्ही परत नेटवर जाता. ऑफिसला खरंच शांतता हवी असेल तर फायरफॉक्सची ईएसआर, म्हणजे दीर्घ मुदतीची, आवृत्ती घ्या. तिच्यात सुरक्षेची दुरुस्ती वेळच्या वेळी येते, मोठे बदल साधारण वर्षाने.

बाकी या भांडणाबद्दल एवढंच. ऑक्टोबर १९९७ मध्ये एक्स्प्लोरर ४ आला तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझर कंपनीच्या ऑफिससमोरच्या हिरवळीवर भलामोठा "ई" आणून ठेवला, आणि नेटस्केपवाल्यांनी तो आडवा पाडून त्यावर आपला डायनासोर उभा केला. नऊ वर्षांनी, २००६ मध्ये, फायरफॉक्स २ बाहेर पडला तेव्हा त्याच एक्स्प्लोररच्या चमूने फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला केक पाठवला. आज मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगलच्या शोधकराराचं आहे. बनवणारे केक खातात आणि आपण फोंड्याच्या ऑफिसात एकमेकांचा ब्राउझर काढतो.

माझा सल्ला विचाराल तर प्रत्येक मशीनवर दोन घराण्यांतला एकेक ठेवा. रोजचा कुठला, ते तुमचं तुम्ही ठरवा. दुसऱ्यात एकही एक्स्टेंशन घालू नका, तपासणीला तो कोरा हवा.

दोन्ही इंजिनांत, खासगी विंडोमध्ये, तारीख नीट असताना साइट अडली, तरच मला फोन करा. फायरफॉक्समध्येच अडली असेल तर मेनूमधला "रिपोर्ट ब्रोकन साइट" आधी वापरा. तिथून गेलेल्या तक्रारींवर काम होतं, काही मोडक्या साइटसाठी फायरफॉक्स स्वतःच आत ठिगळ लावून देतो. फोन करताना आवृत्तीचा पूर्ण आकडा सांगा, आणि पडद्यावरच्या संदेशाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, सबंध पडद्याचा, खालच्या तारखेसकट.